काचेतला ओढा

रंकाळा म्हणजे मुळात दगडाची खाण, असं कोल्हापुरात पिढ्यान् पिढ्या सांगतात. अंबाबाईच्या देवळाला इथून काळा दगड गेला, पुढं केव्हातरी भूकंप झाला, खाणीला पाझर फुटले आणि तळं झालं. यातलं किती खरं ते इतिहासवाले बघतील. घरात माशांची टाकी मांडणाऱ्याला मात्र ही गोष्ट फार कामाची आहे. खड्डा, काळा दगड आणि पाणी एवढंच भांडवल. बाकी गाळ, पाणवनस्पती, गोगलगायी, मासे आणि माशांच्या मागं पाणकावळे हे सगळं आपलं आपण आलं. सजावट कुणी केली नव्हती. सजवायला माणसं आली ती फार नंतर, आणि त्यांच्यामागून सांडपाणी आणि केंदाळ.

घरातली टाकी नेमकी उलट्या क्रमानं उभी राहते. पहिल्याच दिवशी सजावट येते. निळी-गुलाबी खडी, प्लॅस्टिकची झाडं, बुडबुडे सोडत उघडझाप करणारी खजिन्याची पेटी, मागच्या काचेला समुद्रतळाचं पोस्टर आणि त्या समुद्रात गोड्या पाण्यातले दोन गोल्डफिश. आठ-दहा दिवसांत पाणी दुधाळ होतं, मासे वर येऊन तोंड उघडायला लागतात आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, नजर लागली. नजर नसते, अमोनिया असतो. त्याच्याकडं पुढं येऊ.

गेल्या काही वर्षांत जिवंत वनस्पती, लाकूड, दगड, माती यांनी टाकी मांडायचा नाद कोल्हापुरातही चांगलाच रुजला आहे. इथं नाद हा शब्द हलका नाही. कुस्तीचा असतो, कबुतरांचा असतो, बैलांचा असतो. तसा हा पाण्याचा. आणि नादाला जशी घराणी असतात तशी यालाही आहेत. मोबाइलवर जपानी टाक्यांचे व्हिडिओ पाहून मुलं दूरवरून दगड आणि लाकूड मागवतात. पन्हाळ्याच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसानं कुरिअरनं दगड मागवावा याचं मला नेहमी हसू येतं. म्हणून हा आढावा: कोल्हापूरच्या घरात नैसर्गिक टाकी मांडायची तर आसपासचं काय चालतं, काय चालत नाही आणि कशाला मुळीच हात लावू नये. माझं मत आधीच सांगून टाकतो. पाण्यात शोभेची वस्तू अशी काही नसतेच. दगड पाण्यात काही सोडतो, लाकूड रंग देतं, माती मुळांना खायला घालते, पान घेतंही आणि देतंही. कोण काय करतं ते आधी समजून घ्यावं. शोभा त्याच्या मागून चालत येते.

हा विचार नवा नाही. लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानं १८४९ मध्ये एका भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरियाचं रोप ठेवलं. वनस्पती प्राणवायू देईल आणि मासे जगतील, हा हिशेब. पण जुनी पानं कुजायला लागली, पाणी बिघडलं. मग त्यानं तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि काचेवरचं शेवाळ फस्त केलं आणि भांडं स्थिरावलं. १८५० मध्ये त्यानं हे प्रसिद्ध केलं. म्हणजे आपण आज ज्याला सजावट म्हणतो ती तिन्ही पात्रं, म्हणजे वनस्पती, मासा आणि सफाई कामगार, पहिल्या यशस्वी टाकीतच कामाला लागली होती.

पुढं डच लोकांनी दगड-लाकूड जवळजवळ बाजूला ठेवून नुसत्या वनस्पतींच्या पायऱ्या रचल्या, फुलांच्या ताटव्यासारख्या. मग आले जपानचे ताकाशी अमानो. हे मुळात निसर्ग-छायाचित्रकार. १९८२ मध्ये त्यांनी निगाता इथं कंपनी काढली आणि टाकीत डोंगर, कडे, रानातली वाट असा देखावा उभा केला. मोजके दगड, खाली हिरवळ, वर मोकळं पाणी. २०१५ मध्ये लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांनी चाळीस मीटर लांबीची टाकी मांडली आणि त्याच वर्षी ते गेले. जगभरची हौशी मंडळी आज त्यांच्याच वाटेनं चालतात. पण त्या वाटेवर खर्च आहे: तीव्र दिवे, सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड, दर आठवड्याला छाटणी. त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या डायना वॉलस्टॅड. त्यांनी १९९९ च्या पुस्तकात साधी बागेची माती खाली घालून, वर वाळूचा थर देऊन, भरपूर वनस्पती लावून टाकी जवळजवळ स्वतःवर सोडायची पद्धत मांडली. नोकरी-धंदा, पै-पाहुणे आणि गणपतीत आठ दिवस गावाला जाणाऱ्या आपल्या घरांना अमानोंपेक्षा वॉलस्टॅडबाई जास्त सोसतात, असं मी अनुभवानं म्हणतो. अमानोंकडून नजर घ्यावी, बाईंकडून पद्धत.

आता पाणी. कोल्हापूर या बाबतीत नशीबवान. भोगावती असो की २०२३ च्या दिवाळीत थेट पाइपलाइननं आलेलं काळम्मावाडीचं दूधगंगेचं पाणी असो, ते सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचं आहे. क्षार कमी, पाणी मऊ. बहुतेक पाणवनस्पतींना हेच आवडतं. उपनगरांत आणि नव्या अपार्टमेंटांत बोअरचं पाणी असतं ते वेगळं. बादलीला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही, ते जड पाणी. तेही वाया जात नाही. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, सेराटोफायलम या वनस्पती पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन काढून घेतात, म्हणून जड पाण्यात त्या मजेत असतात. बोअरच्या पाण्यात नाजूक लाल रोटाला लावून हळहळत बसण्यापेक्षा व्हॅलिसनेरियाचं रान करावं.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. पसरट भांड्यात चोवीस तास उघडं ठेवलं की तो उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारे क्लोरीन मारायचे थेंब. हे थेंब म्हणजे बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट, फोटोवाले ज्याला हायपो म्हणायचे तेच. बाबूराव पेंटरांच्या गावात हायपो परका नाही. फिल्म धुणारे गेले, रसायन माशांच्या दुकानात उरलं.

पाणी भरल्यावर मासे लगेच सोडायचे नाहीत, हे एकच वाक्य दुकानदारांनी गिऱ्हाइकाला सांगितलं तर निम्मे मासे वाचतील. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. पहिली दोन्ही माशांना विषारी, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी. हे जिवाणू वाळूवर, दगडावर, फिल्टरच्या स्पंजवर वस्ती करतात आणि वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. लोणचं मुरतं तशी टाकी मुरावी लागते. वनस्पती असल्या की हे सोपं होतं, कारण त्या अमोनिया थेट उचलतात. म्हणून क्रम असा: माती, वाळू, दगड, लाकूड, वनस्पती, मग महिनाभर वाट, मग मासे. घरातल्या मुलांना हा महिना फार जड जातो. त्यांना रोज एक नवं पान मोजायला लावावं.

दगडाकडं येतो, कारण इथं कोल्हापूर खरं श्रीमंत आहे. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. लाव्हाचा थंड झालेला थर, घट्ट, पाण्यात जवळजवळ काहीही न सोडणारा. ओढ्यातला गोल झालेला गोटा असो की खाणीत फुटलेला टोकदार तुकडा, टाकीत दोन्ही शोभतात. फक्त दोन्ही एकत्र लावू नयेत, कारण निसर्गात ते एकाच जागी बसत नाहीत. गोटे वाहत्या पाण्याचे, टोकदार तुकडे कड्याचे. बेसॉल्टच्या पोकळ्यांत कधी कधी पांढऱ्या गाठी दिसतात. त्या क्वार्ट्झच्या किंवा झिओलाइटच्या असल्या तर उत्तम, पण कॅल्साइटच्या असल्या तर पाणी हळूहळू जड करतात. ओळखायची रीत सोपी: फरशी धुवायच्या ॲसिडचा एक थेंब टाकावा. फसफसलं तर चुना आहे, दगड कुंडीशेजारी ठेवावा. नुसत्या लिंबावर किंवा व्हिनेगरवर विसंबू नये, थोडा चुना त्यांना कळत नाही. काळ्या रानात नांगरटीला निघणारे पांढरे चुनखडीचे खडे, संगमरवराचे तुकडे, मालवणहून आणलेले शिंपले, हे सगळे याच पंगतीतले. मी स्वतः एकदा देवगडचे शिंपले हौसेनं वाळूवर पसरले होते. दोन महिन्यांत पाणी इतकं जड झालं की लाल रोटालाची टोकं आखडून गेली. शिंपले आता शोकेसमध्ये आहेत. प्रवाळाचा विषयच नाही. ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. घरात ठेवणंसुद्धा गुन्हा.

आणि जांभा. पन्हाळा, आंबा, गगनबावडा या बाजूला रस्त्याच्या कडेला तांबडा, भोकाभोकाचा जो दगड दिसतो, त्याला इंग्रजीतलं लॅटराइट हे नाव फ्रान्सिस बुकॅनननं १८०७ मध्ये केरळात दिलं, विटेच्या लॅटिन शब्दावरून. जांभ्यात लोह भरपूर. वनस्पतींना लोह कमी पडलं की नवी पानं पिवळी-पांढरट येतात. जर्मनीतल्या हौशी लोकांनी १९८० च्या दशकात वाळूखाली लॅटराइटची भुकटी घालायला सुरुवात केली आणि तिची पाकिटं विकली जाऊ लागली. आपल्याकडं तिच्यावरून एसटी धावते. जांभ्याचा तुकडा दगड म्हणूनही सुंदर. त्याच्या भोकांत जावा मॉस आणि अनुबियासची मुळं चपखल धरतात. फक्त आधी बादलीत आठवडाभर भिजवून, पाणी बदलत ठेवावा, नाहीतर पहिल्या दिवशी टाकीचा गढूळ तांबडा पूर होतो.

मातीचं तसं थोडक्यात. खाली इंचभर चाळलेली तांबडी माती, हवं तर तीत मूठभर जुनं गांडूळखत, वर दीड इंच धुतलेली वाळू. वाळू इतक्या वेळा धुवायची की शेवटचं पाणी पिण्याइतकं स्वच्छ दिसावं. क्रश सँड टोकेरी असते, तळ उकरणाऱ्या माशांच्या मिशा झिजतात. रासायनिक खत घातलेली शेतातली माती नको. काळी माती फुगते आणि चिकटते, तिच्याशी नवख्यानं झुंजू नये. आणि कोल्हापूर म्हटल्यावर कुणीतरी विचारतोच, म्हणून सांगतो, आखाड्याची माती नको. तिच्यात हळद, तेल, ताक, लिंबू मुरलेलं असतं; पैलवानाच्या अंगाला ती मानवते, माशाला नाही.

लाकूड हा सगळ्यात मोहाचा आणि सगळ्यात फसवा प्रकार. पाण्याकाठी पडलेलं, झिजलेलं, वाकडंतिकडं मूळ दिसलं की हात आपोआप जातो. कोरडं, कठीण, चीक नसलेलं लाकूड हवं. पेरूची वाळलेली फांदी आपल्याकडं सर्वांत भरवशाची. साल पूर्ण काढायची, मोठ्या पातेल्यात तास-दोन तास उकळायची, मग दोन-तीन आठवडे बादलीत बुडवून ठेवायची. तरी तरंगली तर दगडाला बांधायची. पहिल्या महिन्यात लाकडावर पांढरी बुरशी चढते. ती पाहून लोक लाकूडच फेकून देतात. काही करू नये. गोगलगायी ती खातात, नाहीतर ती आपोआप विरते. पाणी चहासारखं पिवळसर होतं ते टॅनिनमुळं. त्यानं पाणी थोडं आम्ल होतं. सह्याद्रीतल्या रानातल्या ओढ्यांचा रंगही असाच.

वर्ज्य लाकडांची यादी आजोबांच्या पिढीला पाठ असायची, वेगळ्या कारणानं. शेर, निवडुंग यांचा चीक किंवा गेळ्याची फळं डोहात टाकून मासे गुंगवायची जुनी रीत सह्याद्रीत होती. ज्यानं डोहातले मासे उताणे पडतात त्याची फांदी दोन फुटी टाकीत काय करेल ते सांगायला नको. कण्हेर, रुई याच पंक्तीत. करंजही नको.

पानांच्या बाबतीत मात्र आपल्या दारातच खजिना आहे. शाळेच्या मैदानात, सरकारी कचेरीच्या आवारात छत्रीसारखा पसरलेला देशी बदाम असतो, ज्याची पानं गळायच्या आधी लाल होतात आणि ज्याची फळं आपण दगडानं फोडून खाल्ली. त्याची वाळलेली गळकी पानं जगभरच्या टाक्यांत घालतात. बेट्टा म्हणजे आपला फायटर मासा पैदा करणाऱ्यांचं तर त्यांच्यावाचून चालत नाही. पानातून टॅनिन सुटतं, पाणी सौम्य होतं, अंड्यांवरची बुरशी कमी राहते, आणि पान कुजताना त्यावर सूक्ष्म जीव वाढतात ते पिल्लांचं पहिलं खाणं. वीस-पंचवीस लिटरला एक पान, धुऊन, महिन्यानं बदलून. परदेशात हीच पानं दहा-दहाच्या पाकिटात विकत मिळतात. इथं झाडूवाले ती रोज पेटवतात. केळीचं वाळलेलं पान, जांभळाचं पान हेही चालतं. नारळाची करवंटी उपडी घालून कोपऱ्यात भोक पाडलं की लाजाळू माशाला घर होतं. तसंच घर कुंभाराकडच्या फुटक्या, न रंगवलेल्या मडक्याच्या खापरीचंही. रंगवलेल्या मूर्ती आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या वस्तू मात्र पाण्याबाहेरच बऱ्या.

वनस्पतींची निवड करताना बहुतेक जण फोटो बघतात. बघायच्या गोष्टी तीन: उजेड किती, पाणी कसं, आणि आपण आळशी किती. आळशी माणसासाठी अनुबियास आणि जावा फर्न. यांचं आल्यासारखं आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, पुरलं की सडतं. दोऱ्यानं दगडाला किंवा लाकडाला बांधायचं. कमी उजेडात, खताशिवाय, वर्षानुवर्षं टिकतात. मधल्या जागेला क्रिप्टोकोरीन. ही लावल्यावर आठ दिवसांत सगळी पानं विरघळून गेली तर रडू नये. रोपवाटिकांत ही रोपं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. पाण्याखाली आल्यावर ती जुनी पानं टाकून नवी, पाण्याला साजेशी पानं काढतात. कंद शाबूत असेल तर तीन आठवड्यांत रोप परत उभं राहतं. लोक नेमकं दुसऱ्या आठवड्यात ते उपटून फेकतात.

ब्राह्मी तर प्रत्येक घराला ओळखीची. बकोपा या नावानं दुकानात महाग मिळते ती हीच, तेलात घालायची जलब्राह्मी. तिचं टोक खुडून वाळूत खोचलं की पुरे. आजऱ्याकडं भाताच्या खाचरात चार पानांची मार्सिलिया दिसते. ती टाकीत पुढच्या बाजूला लावली तर ठेंगणा गालिचा होतो. व्हॅलिसनेरियाचं कौतुक मात्र मला थांबून करायचं आहे. लांब फितीसारखी पानं, मागच्या काचेला लावली की वाऱ्यावर डोलणाऱ्या गवतासारखी हलतात. पण हिचा संसार बघण्यासारखा. मादीफूल लांब वळ्यांच्या देठावर पृष्ठभागापर्यंत येतं. नरफुलं तळातूनच सुटून वर तरंगतात आणि वाहत वाहत मादीफुलाशी येऊन टेकतात. परागण झालं की देठाची गुंडाळी होते आणि फळ खाली ओढून नेलं जातं. हे सगळं दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी घडू शकतं. टीव्ही बंद असला तर दिसतं.

दुकानात फसायच्या जागाही आहेत. लकी बांबू म्हणून मिळणारा ड्रासिना, सिंगोनियम, वेखंडाची शोभेची भावंडं ही पाण्याखाली बुडवून विकली जातात. पूर्ण बुडाली की महिन्या-दोन महिन्यांत कुजतात. शेंडा बाहेर ठेवला तर मात्र उत्तम. मनी प्लांटची वेल वर खिडकीत आणि मुळं टाकीत, ही जोडी तर मी सगळ्यांना सुचवतो. मनी प्लांट हवेतून कार्बन घेतो आणि पाण्यातलं नायट्रेट ओढतो.

इथं आपल्या विद्यापीठाचा उल्लेख न करता पुढं जाणं बरं नाही. शिवाजी विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्री-कोकणातल्या पाणवनस्पतींवर जे काम केलं ते जगातले टाकीवाले वाचतात. कासच्या पठारावरचा वायतुरा १९८२ मध्ये सातारेन्सिस या नावानं शास्त्राला नवा म्हणून नोंदला गेला. त्या नोंदीत यादवांचं नाव आहे. त्याचाच कोकणातला भाऊबंद १९८५ मध्ये नोंदला गेला आणि त्याला व्हान ब्रुगेन या डच अभ्यासकाचं नाव दिलं. २००२ मध्ये यादव आणि सरदेसाई यांचा कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ विद्यापीठानं काढला. ज्या क्रिप्टोकोरीनची रोपं आपण लंकेच्या जातीची म्हणून विकत आणतो, तिच्या सख्ख्या बहिणी आपल्या घाटाखालच्या ओढ्यांत आहेत.

मग त्या आणाव्यात का? नाही, आणि यात मी कुणाचं ऐकून घेणार नाही. एक तर त्या जगत नाहीत. वायतुरा पावसाळ्यात सड्यावरच्या उथळ पाण्यात वाढतो, फुलतो आणि उन्हाळ्यात जमिनीखालच्या कंदात झोपतो. बारा महिने बुडवून ठेवलं की कंद सडतो. मसाई पठारावर भाद्रपदात पांढऱ्या मण्यांसारखे गेंद दिसतात, ते एरिओकॉलॉन. त्यांचे काही नातलग जपानी टाक्यांत फार मानाचे आहेत, पण पठारावरून उपटलेला गेंद घरी आठवडाभरही धड राहत नाही. दुसरं म्हणजे यातल्या कित्येक जातींचं सगळं जग दोन-चार सड्यांएवढंच असतं. कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. अभयारण्यातून काडीही उचलता येत नाही. माशांचंही तेच. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी, देवळाच्या कुंडात २०२० मध्ये एक नवा मासा नोंदला गेला, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. हीच हिरण्यकेशी पुढं आजरा, गडहिंग्लजवरून वाहते. केरळातला लाल पट्ट्याचा डेनिसन बार्ब परदेशी टाक्यांसाठी इतका उपसला गेला की तो आता धोक्यातल्या जातींत मोजतात. आपल्या ओढ्याची नक्कल करावी, ओढा आणू नये. रोपं रोपवाटिकेतली घ्यावीत किंवा दुसऱ्या हौशी माणसाकडची छाटणी. कोल्हापुरात हा व्यवहार बहुधा चहावर होतो.

ओढ्या-पाटातली वनस्पती आणायचं आणखी एक नुकसान मी भोगलं आहे. एकदा पाटाच्या पाण्यातली हायड्रिला मूठभर आणली. तिच्यातून चतुराची अळी आली आणि महिनाभरात गप्पीची पिल्लं दिसेनाशी झाली. अळी दिसली तेव्हा ती बोटाच्या पेराएवढी झाली होती. तेव्हापासून कुठलीही नवी वनस्पती आधी पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं आणि मग आठवडाभर वेगळ्या बादलीत.

उजेड दिवसाला सात-आठ तास, टायमरवर. खिडकीतलं थेट ऊन नको. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर नसलं तरी चालतं; हौस असेल तर बाटलीत साखर, कोमट पाणी आणि यीस्ट घालून नळी टाकीत सोडतात. कोल्हापुरात साखरेच्या जागी गूळ घालणारे आहेत, आणि तो छान फसफसतो. बाटली आणि टाकी यांच्यामध्ये पाणी उलटं न येऊ देणारी झडप लावायला विसरू नये, नाहीतर टाकीत ताडी होईल. एप्रिल-मेमध्ये पाणी तिशीच्या वर जातं, गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मॉस काळवंडतं. पृष्ठभागावर छोटा पंखा फिरवला तर बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात. वजनाचाही हिशेब करावा: दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकीत सत्तर लिटर पाणी, म्हणजे सत्तर किलो, त्यावर काच, वाळू, पाषाण. टीपॉयवर ठेवायची वस्तू नव्हे ही.

आणि शेवाळ. काचेवर हिरवा थर, पानांवर काळे केस, पाणी मटाराच्या सूपासारखं. लोक औषध विचारतात. औषध रंकाळ्यानं आपल्याला फार पूर्वी दाखवलं आहे. तळ्यात नाल्याचं पाणी गेलं, नायट्रोजन-फॉस्फरस वाढलं, त्यावर केंदाळ आणि हिरवट तवंग पोसला. कितीदा केंदाळ काढलं तरी नाला सुरू असेतो ते परत आलं. टाकीत नाला म्हणजे आपला हात. दिवसातून तीनदा चिमटी-चिमटी दाणे टाकणारा, पाहुण्यांच्या मुलांना "टाक रे" म्हणणारा. एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढं खाणं, आठवड्याला पाव भाग पाणी बदलणं आणि जोमानं वाढणारी वनस्पती भरपूर लावणं, एवढ्यानं शेवाळ उपाशी मरतं. गंमत अशी की केंदाळासारख्याच तरंगत्या वनस्पती या कामात सर्वांत तरबेज. गोंडाळाची चार रोपं वर तरंगत ठेवली तर ती पाण्यातलं जास्तीचं खत झपाट्यानं उचलतात. फक्त दर रविवारी निम्मी काढायची.

काढलेली टाकायची कुठं, हा प्रश्न छोटा वाटतो. केंदाळ मूळचं ॲमेझॉन खोऱ्यातलं. निळ्या-जांभळ्या फुलांच्या हौसेनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालात आलं आणि आज पंचगंगेत आहे. उलट आपल्या पाटात निमूट वाढणारी हायड्रिला १९५० च्या दशकात टाकीवाल्यांच्या व्यापारातून फ्लोरिडाला पोहोचली आणि तिथले तलाव तिनं गुदमरवून टाकले. त्यांचं केंदाळ आपल्याकडं, आपली हायड्रिला त्यांच्याकडं, आणि दोन्ही प्रवासांना कारण शोभा. उजनी धरणातल्या कोळ्यांच्या जाळ्यात आता काचा चाटणारा दक्षिण अमेरिकेचा सकर मासा येतो, तोही कुणाच्या तरी दिवाणखान्यातूनच गेलेला.

आमच्याकडं म्हणून रविवारची छाटणी गच्चीत वर्तमानपत्रावर पसरलेली असते. व्हॅलिसनेरियाच्या फिती दुपारपर्यंत कागदासारख्या होतात, गोंडाळ मात्र दोन दिवस हिरवं राहून चिवटपणा दाखवतं. सगळं करकरीत वाळलं की कुंड्यांत जातं. बदललेलं पाणी कढीपत्त्याला. तो यंदा पत्र्याच्या वर गेला आहे, आणि शेजारच्या काकू फोडणीच्या वेळी हाक मारतात, "अरे, माशाच्या पाण्याचा कढीपत्ता दे की चार पानं."